देवाच्या गावची चिल्लर

सोन्याची नाणी जमवायला पैसा लागतो, चांदीची जमवायला ओळखी लागतात आणि तांब्याची जमवायला घरातली माणसं सोशिक असावी लागतात. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे कधीच नव्हत्या. तिसरी होती, पण तीही आता संपत आली आहे.

माझ्याकडे एकंदर २९ नाणी आहेत. सगळी तांब्याची. (नाणेवाले त्यांना 'ब्राँझ' म्हणतात. तेवढंच जरा भारदस्त वाटतं.) आणि सगळी एकाच गावच्या टांकसाळीत पडलेली. गावाचं नाव अँटिऑक. आजच्या तुर्कस्तानात, सीरियाच्या सरहद्दीला लागून, ओराँटिस नदीच्या काठी. आता त्याला अंताक्या म्हणतात. एके काळी रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या पंक्तीला बसणारं हे शहर. पुढे रोमन साम्राज्याची गादी कॉन्स्टँटिनोपलला गेली आणि ज्याला आपण बायझंटाइन म्हणतो तो कारभार सुरू झाला, तेव्हा मुख्य टांकसाळ अर्थातच राजधानीत होती. पण मुलुख एवढा अफाट, की गावोगावच्या बाजारांना सुटे पैसे पुरवायला प्रांतांतही टांकसाळी ठेवाव्या लागल्या. त्यातली एक अँटिऑकची.

"आपल्याकडे शिवराई मिळते, ती सोडून हे काय भलतंच?" असं आमचे मेहुणे दर दिवाळीला विचारतात. प्रश्न रास्त आहे. शिवराईवर माझा काही राग नाही. पण सोन्याच्या नाण्यावर फक्त राजा बोलतो. त्याचा विजय, त्याचा क्रूस, त्याचा रुबाब. चिल्लर मात्र बाजारातून फिरलेली असते. तिला गावात काय झालं ते ठाऊक असतं. आणि अँटिऑकच्या चिल्लरीइतकं बोलणारी चिल्लर मला दुसरी माहीत नाही.

या नाण्यांच्या मागच्या बाजूला थोरला इंग्रजी 'एम' असतो. बघणारा पहिल्यांदा तिथेच अडतो. शेजारचे नाना चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॉरिशसचं दिसतंय." नातवाने एका बर्गरच्या दुकानाचं नाव घेतलं. वास्तविक हा 'एम' म्हणजे ग्रीक लोकांचा ४०. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे. 'एम' म्हणजे ४०, 'के' म्हणजे २०, 'आय' म्हणजे १०, 'ई' म्हणजे ५. हे चाळीस कशाचे? तर नुम्मस नावाच्या नाण्याचे. नुम्मस म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी तांब्याची टिकली. पाचव्या शतकाच्या अखेरीला बाजारात सुटे म्हणून जवळजवळ तेवढंच उरलं होतं. भाजी आणायला जाताना एक पिशवी भाजीला आणि एक पैशाला न्यावी लागत असणार. ४९८ साली अनास्टेशियस बादशहाने ४०, २० आणि १० नुम्मींची मोठी नाणी काढली, आणि वर ठसठशीत आकडा घातला. माणूस हिशेबी होता. त्याच वर्षी त्याने व्यापारी आणि कारागिरांवरचा एक जुलमी कर रद्द केला, आणि तरीही मरताना खजिन्यात ३ लाख २० हजार पौंड सोनं ठेवून गेला, असं प्रोकोपियस लिहितो. कर कमी करून शिल्लक वाढवणारा अर्थमंत्री मी तरी अजून पाहिलेला नाही.

'एम'च्या पोटाखाली एक बारीक अक्षर असतं. टांकसाळीतल्या कोणत्या कारखान्यात नाणं पडलं, त्याची ती खूण. आणि सगळ्यात खाली, रेघेच्या तळाशी, गावाचं नाव आखडून लिहिलेलं. माझ्या सगळ्या छंदाचा जीव या तळाच्या ओळीत आहे. जस्टिन बादशहाच्या नाण्यावर तिथे अँटिऑकचं नाव आहे. त्याच्या भाच्याच्या, म्हणजे जस्टिनियनच्या, ५२८ नंतरच्या नाण्यावर ते नाव नाही. तिथे आहे थिऊपोलिस. थिऊपोलिस म्हणजे देवाचं गाव.

हे नामांतर कुठल्या मोर्च्याने किंवा ठरावाने झालं नाही. ५२६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस अँटिऑकला भूकंप झाला. सणाचे दिवस होते, गाव पाहुण्यांनी भरलेलं. मलालस नावाचा अँटिऑकचाच इतिहासकार मेलेल्यांचा आकडा अडीच लाख देतो. जुने इतिहासकार आकड्यांच्या बाबतीत हात सैल सोडतात हे मान्य करूनही अंगावर काटा येतो. जे पडलं नाही ते आगीत जळालं. राजधानीत बातमी पोचली तेव्हा म्हाताऱ्या जस्टिनने मुकुट उतरवून ठेवला आणि गावासाठी सुतक पाळलं.

गाव पुन्हा बांधायला घेतलं. भिंती जेमतेम उभ्या राहतायत, तोच ५२८ च्या नोव्हेंबरात दुसरा भूकंप. या वेळी मेले ते पाचेक हजार. उरलेले लोक थंडीत डोंगरावर पळाले. तेव्हा कुणा भाविकाला दृष्टान्त झाला म्हणे, की प्रत्येकाने आपल्या दाराच्या चौकटीवर लिहावं : ख्रिस्त आमच्या बाजूला आहे, तेव्हा थांबा. लोकांनी घरोघरी ते लिहिलं. भिंतींना अशी लेखी विनंती केल्याचं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही. हसू येतं, आणि लगेच येईनासं होतं.

आणि मग गावाचं नावच बदललं. आपल्याकडे पूर्वी पाठोपाठ मुलं दगावली, की पुढच्याचं नाव दगडू नाही तर धोंडू ठेवायचे. हेतू असा, की यमाला वाटावं, हा दगड नेऊन काय करायचाय? अँटिऑकवाल्यांनी तीच युक्ती उलट्या बाजूने केली. गाव देवाच्या नावावर करून टाकलं. आता देव स्वतःचंच घर कशाला पाडील? टांकसाळीनेही विलंब केला नाही. नवे ठसे कोरले आणि बाजारात देवाच्या गावची चिल्लर आली. आमच्या गल्लीचं नाव बदलून ११ वर्षं झाली, कोपऱ्यावर पाटी अजून जुनीच आहे.

माझ्याकडचं सगळ्यात देखणं नाणं जस्टिनियनच्या १३ व्या राज्यवर्षाचं, म्हणजे ५३९-४० चं आहे. पाणीपुरीच्या पुरीएवढं. तोवर बादशहा अशा तांब्याच्या नाण्यावर बहुतेक वेळा बाजूने दिसायचा. ५३८ पासून तो समोर तोंड करून बघायला लागला. डोक्यावर शिरस्त्राण, हातात क्रूसाचा गोल, आणि चेहऱ्यावर आपल्या आधार कार्डावर असतो तो भाव. मागे 'एम'च्या डाव्या बाजूला 'वर्ष' आणि उजव्या बाजूला आकडा. हे वजन करायला मी आमच्या सोनाराकडे गेलो. काट्यावर २१ ग्रॅम भरलं. आजच्या दहा रुपयांच्या नाण्याच्या अडीचपटीहून जास्त. सोनाराने ते उलटसुलट केलं आणि हळूच विचारलं, "मोडायचंय का?" घरी कामाला येणाऱ्या शांताबाईंचं मत वेगळं पडलं. "असं हिरवं काय ठेवलंय दादा? चिंच-मीठ लावून देते, देवघरातल्या पळीसारखं लखलखेल." १५०० वर्षांची ती हिरवी साय हीच या नाण्याची अब्रू आहे, हे त्यांना पटवायला मला दोन चहा लागले.

नाणं पाडून वर्ष उलटतं न उलटतं तोच, ५४० च्या उन्हाळ्यात, इराणचा बादशहा खुस्रो चालून आला. त्याच्याशी जस्टिनियनने ५३२ मध्ये ११ हजार पौंड सोनं मोजून तह केला होता. तहाचं नाव 'चिरंतन शांतता'. ती आठ वर्षं टिकली. खुस्रोने अँटिऑक लुटलं, जाळलं आणि उरलेली माणसं पकडून नेली. पण पुढे त्याने जे केलं ते विलक्षणच. आपल्या राजधानीजवळ, टेसिफोनला, त्याने या कैद्यांसाठी नवं गाव वसवलं आणि त्याला 'खुस्रोचं अँटिऑक' असं नाव दिलं. हमामखाना बांधला, रथांच्या शर्यतींचं मैदान बांधलं, रथ हाकणारेही आणून दिले. तबरी सांगतो, की ते गाव मूळ गावाबरहुकूम इतकं हुबेहूब होतं, की कैदी वेशीतून आत शिरले आणि ज्याचा तो सरळ आपापल्या घरी गेला. मला या गोष्टीत खुस्रोच्या कारागिरीपेक्षा त्या घरी गेलेल्या माणसाचा विचार जास्त येतो. दार तेच, उंबरा तोच, फक्त शेजारची नदी ओराँटिस नाही. आणि खिशात चुकून राहिलेलं एखादं नाणं असेल, तर त्यावर लिहिलेलं की हे देवाचं गाव.

इकडे खऱ्या गावात ५४२ मध्ये प्लेग आला.

तरी टांकसाळ पुन्हा सुरू झाली. नाणी पडत राहिली, मात्र हळूहळू अंगाने उतरत गेली. जस्टिनियनची नाणी २० ग्रॅमच्या पुढची. पन्नास वर्षांनी आलेल्या मॉरिस बादशहाची माझ्याकडची नाणी ११ ग्रॅमच्या आसपास भरतात. 'एम' मात्र होता तेवढाच. म्हणजे आमच्या पेन्शनसारखं. आकडा तोच, वजन निम्मं. मधल्या काळातल्या दुसऱ्या जस्टिनच्या नाण्यावर तो आणि त्याची बायको सोफिया, दोघं सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेली आहेत. जस्टिनला पुढे वेड लागलं आणि कारभार सोफियाने पाहिला. हे नाणं आमच्या घरी सर्वमान्य आहे. "एवढं एक बरं आणलंत," असा शेरा त्याला मिळालेला आहे.

मॉरिसच्या अँटिऑकच्या नाण्यांवरची कडेची अक्षरं वाचण्याचा प्रयत्न कुणी करू नये. त्यात बादशहाचं नाव असायला हवं. असते ती नुसती अक्षरांची भेळ. लॅटिन न येणारा कारागीर समोरच्या जुन्या नाण्यावरची अक्षरं बघून बघून कोरत गेला. नंतर नंतरच्या शिवराईंवर 'छत्रपति'चं जे होतं तेच इथे बादशहाचं झालं. पण वर्षाचा आकडा मात्र तो नीट कोरतो. म्हणूनच मी सातव्या वर्षाच्या मागे लागलो आहे.

या सातव्या वर्षाची हकीकत इव्हॅग्रियस नावाच्या माणसाने लिहून ठेवली आहे. हा अँटिऑकला वकिली करायचा. शाळेत असताना त्याला प्लेगची गाठ आली, तो वाचला. पुढे प्लेगच्या फेऱ्या येत राहिल्या आणि त्याची बायको, बरीचशी मुलं, नातेवाईक, नोकरचाकर एकामागून एक घेऊन गेल्या. नंतर त्याने दुसरं लग्न ठरवलं. तारीख धरली ५८८ च्या ऑक्टोबरची अखेर. वजनदार माणसाचं लग्न, सगळं गाव सजलेलं, वरात, दिवे. आणि त्याच रात्री भूकंप झाला. अक्षता पडतात आणि घरं पडतात, एकाच रात्री. त्याने स्वतःबद्दल फार लिहिलेलं नाही. मेलेल्यांचा आकडा मात्र दिला आहे : ६० हजारांच्या आसपास. आणि तो कसा काढला तेही सांगितलं आहे. गावात भाकरी किती खपत होती आणि आता किती खपते, त्यावरून लोकांनी अंदाज बांधला. नंतर हजारो शब्दांची वर्णनं वाचली, पण या भाकरीच्या हिशेबापुढे मला काही सुचत नाही.

हा भूकंप मॉरिसच्या सातव्या राज्यवर्षात झाला. माझ्याकडे आठव्या वर्षाचं नाणं आहे. वेडीवाकडी अक्षरं, ठसा घसरलेला, तळाला देवाच्या गावाचं नाव. म्हणजे दोन वर्षांच्या आत कुणीतरी ढिगारा उपसून भट्टी पेटवली होती, कारण बाजाराला सुटे पैसे हवे होते. उरलेल्या भाकऱ्यांसाठी का होईना.

पुढचं थोडक्यात सांगतो. ६०२ मध्ये फोकस नावाच्या एका फौजी माणसाने मॉरिसला, त्याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारून, मग मारलं. त्याच्या अँटिऑकच्या नाण्यावर तोही बायकोला शेजारी उभं करून मिरवतो. ६१० च्या सुमारास टांकसाळ थंडावली, पाठोपाठ इराणी आले, मग ६३८ च्या सुमारास अरब. देवाचं गाव हे नाव कागदपत्रांत राहिलं. लोक अँटिऑकच म्हणत राहिले.

२०२३ च्या ६ फेब्रुवारीला सकाळी दूरदर्शन लावलं तेव्हा खालच्या पट्टीत तुर्कस्तान एवढंच दिसत होतं. अंताक्याचं नाव दुपारून आलं. ७.८ चा धक्का, पहाटे सव्वाचारला, सगळे अंथरुणात असताना. एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांवर माणसं गेली आणि त्यात अंताक्याचा जुना भाग जवळजवळ सपाट झाला. मशीद पडली, चर्च पडलं. आपल्या लष्कराचं फिरतं रुग्णालय त्याच प्रांतातल्या इस्केंदेरुनला लागलं होतं. नाण्यांचा डबा मी काही दिवस उघडला नाही. घरात कुणी काही विचारलं नाही. शांताबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुमचंच गाव ना ते, दादा?" त्यांचं माहेर किल्लारीकडचं आहे. ९३ साली त्या माहेरपणाला आल्या नव्हत्या म्हणून वाचल्या.

इंग्लंडातल्या एका दुकानदाराने परवा कळवलं आहे, की त्याच्याकडे मॉरिसचं एक अँटिऑकचं नाणं आलंय. आकडा अर्धा झिजलेला. या नाण्यांवर सहासाठी वाकडं, इंग्रजी 'जी'सारखं चिन्ह असतं आणि सातासाठी त्याच्यापुढे एक उभी काठी. वाकडं चिन्ह स्वच्छ आहे. काठीच्या जागी नाणं घासलेलं आहे. काठी होती की नव्हती, ते भिंगाखाली धरल्याशिवाय कळायचं नाही. किंमत साडेतीन गॅस सिलिंडर. (आमच्याकडे माझ्या खर्चाचं हे अधिकृत माप आहे.) मागवलं आहे.