पिटव्हिलचा सेक्रेटरी

विल्यम बुराक हे नाव मला पहिल्यांदा एका तळटीपेत भेटले. कॅनडातल्या गहू उत्पादकांच्या सहकारी संस्थांविषयी वाचत होतो. आमच्या साखर कारखान्यांशी त्यांची तुलना करावी असा बेत होता. तो तसाच राहिला. बुराक हा सस्कॅचेवान प्रांतातल्या पिटव्हिल या ग्रामीण पालिकेचा सेक्रेटरी आणि खजिनदार. तिकडची अशी पालिका क्षेत्रफळाने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, पण वस्ती लहानशा गावाएवढी. मी अठ्ठावीस वर्षे विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव. म्हणजे आम्ही दोघे एकाच पंगतीतले: पावत्या फाडणारे, वसुलीला हिंडणारे, सभेचा वृत्तांत लिहिणारे. या माणसाने डॉक्टरच्या बिलाचा प्रश्न हातात घेतला, हे वाचून मी थबकलो. कारण आमच्या दप्तरात खतासाठी म्हणून काढलेले किती पीककर्ज दवाखान्यात गेले, ते मला तोंडपाठ आहे. खातेवहीत मात्र त्यासाठी रकाना नाही.

कॅनडातल्या मोफत उपचारांचे श्रेय टॉमी डग्लस यांना दिले जाते. 2004 साली तिथल्या सरकारी वाहिनीने घेतलेल्या लोकमतात त्यांना ‘सर्वश्रेष्ठ कॅनडियन’ ठरवले गेले. मान त्यांचा आहेच. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला रोग जडला होता. घरी पैसे नव्हते. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रुग्ण हवा म्हणून एका शल्यविशारदाने फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण जुलै 1944 मध्ये डग्लस प्रांताचे पंतप्रधान झाले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांचा हा उद्योग तीस वर्षांचा झाला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

सुरुवात सारनियाची. 1915च्या सुमारास तिथला डॉक्टर गाव सोडण्याच्या विचारात होता. माळरानावर मैलामैलावर एकेक घर, हिवाळ्यात बर्फ, पीक बुडाले की फी बुडाली. डॉक्टर टिकणार कसा? पालिकेने करातून वर्षाला 1500 डॉलर देऊन त्याला थांबवून घेतले. गंमत पुढे आहे. असा खर्च करण्याची तरतूद कायद्यात नव्हती. कायदा दुरुस्त झाला 1916 साली, म्हणजे आधी डॉक्टर ठेवला, मग नियम आला. त्याच वर्षी शेजारशेजारच्या पालिकांना मिळून रुग्णालय बांधण्याची मुभा देणारा कायदाही झाला. त्यामागे शेतकरी बायकांच्या संघटनेचा रेटा होता. त्यांची पुढारी व्हायोलेट मॅकनॉटन इंग्लंडहून आलेली. 1911 साली तिला स्वतःला मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले होते. गावोगावी प्रशिक्षित सुईण, नर्स आणि परवडणारा डॉक्टर, एवढेच तिचे मागणे.

पुढे 1930च्या दशकात दुष्काळ आणि गव्हाची पडलेली किंमत अशी दोन्हीकडून कुऱ्हाड आली. तेव्हा पालिकेचा पगार हाच अनेक डॉक्टरांचा आधार होता. त्या काळात डॉक्टरांची संघटनाही आरोग्य विम्याच्या बाजूने बोलत होती. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. मॅट अँडरसन हा नॉर्वेहून आलेला शेतकरी, मॅकिलॉप पालिकेचा अध्यक्ष. त्याने प्रांताकडून 1939 साली कायदाच करून घेतला: माणशी वर्षाला 5 डॉलर, कुटुंबाला फार तर 50 डॉलर कर, त्यात डॉक्टर आणि रुग्णालय. 1940च्या दशकात पगारी डॉक्टर ठेवणाऱ्या पालिकांची संख्या शंभराच्या घरात पोचली होती.

आता आमचा सेक्रेटरी. एका पालिकेने डॉक्टर ठेवता येतो, पण मोठ्या आजाराचा बोजा एवढ्याशा वस्तीला पेलत नाही. पंचवीस सभासदांच्या सोसायटीत एकाचे कर्ज थकले की सगळी बुडते, तसेच हे. हजारांत ते पचून जाते. बुराकने हा हिशेब मांडला आणि लिहायला बसला. आसपासच्या सगळ्या पालिकांना पत्रे, वर्तमानपत्रांत पत्रे, मग प्रतिनिधींची बैठक. नोव्हेंबर 1945 मध्ये लोकांनी मतदान करून योजनेला होकार दिला आणि 1 जुलै 1946 पासून स्विफ्ट करंट हा ‘आरोग्य प्रदेश क्रमांक 1’ सुरू झाला. सुमारे पन्नास हजार वस्ती. डॉक्टर, रुग्णालय, लहान मुलांच्या दातांचे उपचार, सगळे एका करात. डग्लस सरकारची प्रांतभरची रुग्णालय योजना त्यानंतर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी 1947 ला आली.

डॉक्टरांच्या उपचारांची प्रांतव्यापी योजना यायला मात्र 1 जुलै 1962 उजाडला. डग्लस तोवर देशाच्या राजकारणात गेले होते. निस्तरायला वुड्रो लॉइड होते. त्या दिवशी बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. 1930च्या दशकात पालिकेच्या पगारावर तगलेला हाच व्यवसाय. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशा समित्या निघाल्या, 11 जुलैला राजधानी रेजायनात मोर्चा झाला. अपेक्षा दहापट माणसांची होती, आली चार-पाच हजार. दुसऱ्या बाजूला लोकांनी पैसे जमवून स्वतःची क्लिनिके काढली. सॅस्कटूनचे क्लिनिक 3 जुलैला दोन डॉक्टर बाईंवर सुरू झाले आणि आजही चालू आहे. ब्रिटनहून डॉक्टर आणले गेले. लॉर्ड टेलर या ब्रिटिश डॉक्टर-राजकारण्याने मध्यस्थी केली आणि 23 जुलैला संप मिटला.

समझोत्यात सर्वांना उपचार हे तत्त्व टिकले, आणि 1972 पर्यंत ते देशभर गेले. पण दर तपासणीमागे फी ही डॉक्टरांची पद्धतही टिकली. पगारी डॉक्टर आणि वर लोकांचे संचालक मंडळ हा सारनियाचा नमुना बाजूला पडला. लॉइड 1964 ची निवडणूक हरले. नव्या सरकारला योजना मोडता आली नाही. इतिहासकार याला विजय म्हणतात. मला मात्र वाटते, सेक्रेटरी लोकांनी उभारलेल्यातले अर्धेच हाती आले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एक उचापत केली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयां’त मांडले: सभासदांच्या लाभांशातून थोडी रक्कम काढून गावात आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर बसवू. कुणी हसले. एका म्हाताऱ्या सभासदाने विचारले, “भाऊ, बायकोचं दाखवता येईल का?” तपासणीला आलेले साहेब म्हणाले, पोटनियमात बसत नाही. मी सारनियाचे 1916 साल सांगणार होतो, पण चहा आला.

त्या सभेचा वृत्तांत मीच लिहिला. त्या विषयावर एक ओळ आहे: ‘सदर विषयावर चर्चा झाली.’ खाली निर्णयाची जागा मी मोकळी ठेवली आहे.