अनेक खुर्च्या, एकच कसब

हल्ली बहुतेक मोठ्या उद्योगांत मनुष्यबळ-अधिकारी नावाचा एक वजनदार हुद्देदार असतो. आज रसायनांचा कारखाना, उद्या पेढी, परवा विमा कंपनी, अशी त्याची वाटचाल चालते. ज्या धंद्याचे शिक्षण त्याने घेतले नाही, त्यातील माणसांचा कारभार तो कसा हाकणार, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. आम्हांसही ती होती. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांकडे पाहताना तिचा उलगडा करणारे एक चरित्र आम्हांस आठवले. कुंडलिकेकाठच्या याच रोह्यास ज्यांचे वडील वकिली करीत, त्या चिंतामणराव देशमुखांचे.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली रायगडाच्या पायथ्याजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला त्यांचा विषय निसर्गविज्ञान. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांच्या पदरात पडले. पुढे सनदी सेवेची परीक्षा देऊन ते मध्यप्रांत-वऱ्हाडात जमीनमहसुलाच्या कामी रुजू झाले. वनस्पतिशास्त्राचा हा पदवीधर १९३९ साली रिझर्व्ह बँकेत गेला आणि १९४३ साली तिचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. १९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते. नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. एका आयुष्यात इतके धंदे!

या सर्वांत समान काय? आमच्या मते अधिकार गाजविण्याचे नव्हे, अधिकाराची मर्यादा ओळखून माणसांकडून काम करून घेण्याचे कसब. जिल्ह्यात हुकूम चालतो. बँकेत संचालकांची संमती लागते. आणि तेथे जे आपल्याला येत नाही ते येणारी माणसे जमवावी लागतात. १९४५ साली बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभाग उभा राहिला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले, तेव्हा २४५ संस्था आणि त्यांचे नोकर एका छत्राखाली आणण्याचा प्रश्न उभा राहिला. अनुदान मंडळात तर हुकूमच नव्हता. हाती केवळ अनुदान आणि शब्द. शिक्षकांच्या वेतनवाढीचा काही भार मंडळ उचलील, उरलेला विद्यापीठांनी व सरकारांनी उचलावा, अशी ती मनधरणी होती. आम्ही प्राध्यापकवर्ग हे विसरल्यास कृतघ्न ठरू.

परंतु या कसबाचे आम्ही भाबडे स्तोत्र गाऊ इच्छित नाही. राजकारणात माणसे नेमता येत नाहीत, ती जिंकावी लागतात. १९५२ साली कुलाब्याने त्यांना लोकसभेवर निवडून दिले खरे. पण १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. सर्वत्र चालणारे नाणे येथे मात्र खोटे ठरले, असे कोणी म्हणेल.

तथापि कारभाऱ्याची खरी परीक्षा तो खुर्चीवर कसा बसतो यात नसून कशासाठी उठतो यात आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात देण्याचे ठरले आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, तेव्हा १९५६ च्या जुलैत त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. ज्यांच्या मतांवर आपण निवडून आलो त्यांच्या भावनेशी इमान राखावयाचे, की पद राखावयाचे, असा तो पेच होता. चार वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पुढे १९५९ पासून अनेक वर्षे ते हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. तेथे सरकारी अंमलदार आणि कारखान्यांचे व्यवस्थापक एकत्र बसून शिकतात. महसूल, पेढी, राज्य व विद्यापीठ पाहिलेल्या माणसास हे स्थान साजेसेच होते. कारभार शिकविता येतो, हे आम्ही मान्य करतो. उठावयाचे केव्हा, हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.