अंत्यसंस्काराला मुलांना न्यावे का?

मैत्रिणीचे वडील गेले आहेत, भेटायला जायलाच हवे, पण घरात चार आणि सात वर्षांची मुले आहेत. इंग्लंडमधल्या मराठी घरात अशी वेळ आली की कुणीतरी म्हणते, "आपल्यात मुलांना नेत नाहीत." त्यावर दुसरे कुणी म्हणते, "इकडचे लोक नेतात." दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत.

आधी इकडचे पाहू. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट डिसेंबर 1861 मध्ये वारला. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमधल्या अंत्यविधीला 11 वर्षांचा मुलगा आर्थर हजर होता. खुद्द राणी मात्र नव्हती. त्या काळी वरच्या वर्गातल्या स्त्रिया अनेकदा अंत्यविधीला जात नसत. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या शवपेटीमागे उभे राहता येत होते, पण विधवेला घरी थांबण्याची मुभा होती, किंवा तशी अपेक्षा होती. हे आपल्याला फार परके वाटू नये.

पुढे चित्र पालटले. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असे धोरण होते. लाखो घरांत शोक होता, पण अंत्ययात्रा नव्हती. नंतर मृत्यू घरातून इस्पितळात गेला आणि 1960च्या दशकात दहनाचे प्रमाण दफनापेक्षा वाढले. 1965 मध्ये जेफ्री गोरर या अभ्यासकाने ब्रिटनमधल्या शोकावर पुस्तक लिहिले. त्याचे वडील 1915 मध्ये 'लुसिटानिया' जहाजाबरोबर बुडाले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अनेक आईबाप मुलांना मृत्यूबद्दल काहीच सांगत नाहीत, असे त्याला आढळले. तेव्हा 'इकडचे लोक नेतात' ही काही अखंड चालत आलेली परंपरा नव्हे. मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावे, तयारी करून घ्यावी आणि यायचे की नाही हे त्यांना ठरवू द्यावे, हा आजचा सल्ला गेल्या काही दशकांतला आहे. 2022 मध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीला नऊ वर्षांचा जॉर्ज आणि सात वर्षांची शार्लट होती; चार वर्षांचा लुई नव्हता.

आता आपले. स्मशानात बायका-मुले जात नसत, हे खरे. पण मुलगा लहान असला तरी वडिलांना अग्नी द्यायला त्यालाच पुढे करत. कुणी मोठा माणूस त्याचा हात धरून ते करवून घेई. आणि उरलेली मुले मृत्यूपासून दूर होती का? प्रेत घरातच असे. रडणे कानावर येई, सुतक कळे, शेजारून पिठलंभात आलेला दिसे, दहाव्याला कावळ्याची वाट पाहणारी माणसे दिसत. मुले फक्त शेवटच्या टप्प्याला नसत, कारण त्यांना सांभाळायला आजी, काकू, शेजारीण घरी होती.

इथे तसे काहीच नाही. भारतात बहुधा त्याच दिवशी आटोपते. इथे दहनाची वेळ मिळेपर्यंत एखाददोन आठवडे जातात. दहनगृहात अर्ध्या-पाऊण तासाची वेळ ठरलेली असते, आणि सारा शोक त्यातच उरकायचा असतो. घरी आजी नाही, शेजारीणही कामावर. मुलांना आणायचे नाही म्हटले तर एका पालकाने घरी राहायचे, आणि बहुधा मैत्रिणीला ज्याची गरज आहे तोच घरी राहतो. जिथे नातलगांना व्हिसा मिळेपर्यंत विधी होऊन जातो, तिथे मित्र हेच गोत असते. रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि लक्षातही राहतात.

म्हणून प्रश्न 'आपल्यात नेतात का' असा नाही. मैत्रिणीला आधी विचारावे. तिला मुलांचा आवाज नको असेल तर तिचे म्हणणे मोठे. तिची हरकत नसेल तर मुलांना आदल्या दिवशी सांगावे: आजोबांचे शरीर पेटीत असेल, त्यांना आता दुखत नाही, मावशी रडेल, रडले तरी चालते. 'झोपले आहेत' असे सांगू नये. लहान मूल मग झोपायला घाबरते. मागच्या रांगेत, दाराजवळ बसावे. मूल कुरकुरले तर एकाने त्याला घेऊन बाहेर जावे, दुसऱ्याने आत थांबावे. आणि मूल नाही म्हणाले तर ओढून नेऊ नये. तेराव्याला त्याला घेऊन मावशीकडे जेवायला जाता येते. आपल्याकडे ती वाट पूर्वीपासून होतीच.