वंशावळींतील कोरी जागा

श्रीवर्धनास आलेल्या पाहुण्याचा समुद्र पाहून झाला, कीं त्यास पेशव्यांचें मूळ स्थान दाखवावें, अशी आमच्याकडील रीत आहे. येथील देशमुखी भट घराण्याकडे होती. त्याच घराण्यांतील बाळाजी विश्वनाथ १७१३ सालीं पेशवे झाले, आणि त्यांच्या पुढील पिढ्या शाळकरी मुलेंही घडाघड म्हणून दाखवितात. कोंकणांतील इतर कित्येक घराण्यांनींही आपले कुलवृत्तान्त छापले आहेत. कोण घाट चढून गेला, कोणास इनाम मिळालें, कोण दत्तक गेला, सारें त्यांत सांपडतें. कोणत्या पिढीस कोणत्या दुखण्यानें गांठलें, हें मात्र तेथें शोधूं नये. थोरले माधवराव १७७२ सालीं थेऊरास क्षयानें वारले हें आपण जाणतों, तें ते पेशवे होते म्हणून. सामान्य घरांतील असली गोष्ट माजघराबाहेर पडत नाहीं; घरांत लग्नाच्या मुली असतात ना!

या झांकलेल्या मजकुराचें मोल मुंबईंत डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांनीं ओळखलें. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत व जे. जे. रुग्णालयांत ते मज्जाविकारांचे अध्यापक होते. चालतांना झोंकांड्या जाव्या, पेला ओठांशीं नेतांना हात कांपावा, जीभ जड व्हावी, असे रोगी त्यांच्याकडे येत. (असल्या माणसास गांव सरळ दारुड्या ठरवितो, ही निराळीच शिक्षा.) लहान मेंदू व त्याचे मज्जातंतु झिजविणारे आनुवंशिक रोग नवे नव्हते, जर्मनींत फ्रीड्राइख यांनीं १८६३ पासून त्यांपैकीं एकाचें वर्णन केलें होतें. वाडियांनीं निराळें पाहिलें तें रोग्यांच्या डोळ्यांत. कोणी हांक मारली, तर आपली नजर क्षणार्धांत तिकडे उडी घेते. या रोग्यांची नजर मात्र हळूहळू सरकत जाई. एका रोग्यावर न थांबतां त्यांनीं वंशावळी काढल्या, आणि १९७१ सालीं स्वामी या सहकाऱ्यासह नऊ घराण्यांची हकीकत ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकांत छापली.

कारण सांपडावयास आणखी २५ वर्षें लागलीं. १९९६ सालीं बाराव्या गुणसूत्रावरील दोष हातीं आला. तेथें तीन रासायनिक अक्षरांचा एक शब्द निरोगी माणसांत बहुधा २२ वेळां लिहिलेला असतो. तो ३३ वेळां वा अधिक झाला, कीं सहसा रोग जडतो. पिढीगणिक ही पुनरुक्ति लांबत जाऊं शकते. म्हणून बापास पन्नाशींत आलेलें दुखणें मुलास तिशींतच गांठतें. १९९८ सालीं वाडिया व सहकाऱ्यांनीं सहा भारतीय घराण्यांची अशी तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हां संथ नजरेची ती खूण निदानास खरोखर उपयोगी ठरली.

झीज उलटविणारें औषध आजही नाहीं. तोलाचे व बोलण्याचे व्यायाम, गिळतांना ठसका लागूं नये म्हणून काळजी, पेटके व कंप यांवर औषधें, इतकें करतां येतें. तें थोडें नव्हे. पण लपवालपवीचा खरा अन्याय आमच्या मतें निराळाच आहे. रोगी आई असो वा बाप, प्रत्येक अपत्यास दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. ज्यास तो मिळाला नाहीं, त्याच्या मुलाबाळांसही तो जात नाहीं. हें रक्ताच्या तपासणीनें कळूं शकतें. न बोलणाऱ्या घरांत मात्र सुटलेलेही भीतींतच जगतात, आणि दुखणें लग्नानंतर उद्भवलें तर सुनेच्या पायगुणावर खापर फुटतें.

आमच्या घराण्याच्या वृत्तान्ताची नवी आवृत्ति निघावयाची आहे. छापील पुस्तकांत नको, निदान घरांतील हस्तलिखित प्रतींत तरी प्रत्येक नांवापुढें आजाराचा एक रकाना असावा, असें आम्हीं सुचविलें. वडीलधाऱ्यांनीं सूचना ऐकून घेतली व चहा मागविला.