गोजिरा

गोजिरा : (गॉडझिला). जपानमधील तोहो या चित्रपटसंस्थेने निर्माण केलेला, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेला कृष्णधवल चित्रपट. अवाढव्य प्राण्यांभोवती रचलेल्या ‘काइजू’ या जपानी चित्रपटप्रकाराचा पाया त्याने घातला. गोरिला व देवमासा (जपानी ‘कुजिरा’) या अर्थांच्या शब्दांच्या संयोगातून हे नाव तयार झाले.

पार्श्वभूमी : निर्माता तोमोयुकी तानाका याची इंडोनेशियातील एक चित्रपटयोजना १९५४ मध्ये रद्द झाल्याने त्याला नवा विषय तातडीने हवा होता. त्याच वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिच्या किरणोत्सर्गी राखेने ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील सर्व २३ खलाशी बाधित झाले. पैकी बिनतारी संदेशचालकाचे २३ सप्टेंबर रोजी निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत चित्रपट पडद्यावर आला. समुद्रातील लखलखाटात जपानी जहाज जळून बुडते, या आरंभीच्या दृश्याचा संदर्भ त्यामुळे प्रेक्षकांस सांगावा लागला नाही.

निर्मिती : दिग्दर्शक इशिरो होंडा हा सैनिक म्हणून चीनमध्ये होता व मायदेशी परतताना त्याने उद्‌ध्वस्त हीरोशीमा पाहिले होते. गोजिराचा संहार त्याने अणुहल्ल्याच्या स्वरूपात कल्पिला. विशेष दृश्यपरिणामांचा प्रमुख एइजी त्सुबुराया यास किंग काँग (१९३३) प्रमाणे बाहुलीच्या टप्प्याटप्प्याने हलविलेल्या चित्रचौकटी वापरावयाच्या होत्या. परंतु तेवढा वेळ नव्हता. म्हणून सु. १०० किग्रॅ. वजनाचा पोशाख चढविलेल्या नटाकडून टोकिओच्या लहान प्रतिकृतीची मोडतोड करवून घेण्यात आली. हे काम मुख्यतः हारुओ नाकाजिमा याने केले. संगीतकार आकिरा इफुकुबे याने राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेसच्या तारांवर घासून प्राण्याच्या गर्जनेचा ध्वनी निर्माण केला. कथेतील सेरिझावा हा शास्त्रज्ञ गोजिराचा नाश करणारे अस्त्र शोधतो. परंतु ते सत्ताधाऱ्यांच्या हाती पडू नये, म्हणून आपली टिपणे जाळून स्वतःही प्राणत्याग करतो. शास्त्रज्ञाच्या उत्तरदायित्वाचा हा प्रश्न चित्रपटाचा गाभा होय.

परदेशातील प्रदर्शन : अमेरिकी वितरकांनी हक्क विकत घेऊन १९५६ मध्ये गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स! ही नवी आवृत्ती काढली. ९६ मिनिटांचा मूळ चित्रपट कापून, टेरी मोर्स याने दिग्दर्शित केलेले नवे प्रसंग त्यात घातल्यावर तिची लांबी सु. ८० मिनिटे झाली. रेमंड बर याने रंगविलेला अमेरिकी वार्ताहर हा तिचा निवेदक आहे. जपानी नटांशी त्याची भेट घडते असे भासविण्यासाठी पाठमोरे बदली नट उभे करण्यात आले. हायड्रोजन बाँबमुळे प्राणी जागा झाल्याचा उल्लेख तीत राहिला. मात्र नागासाकीतून वाचलेल्या तरुणीचे आगगाडीतील उद्‌गार व ही घटना लोकांपासून लपवावी की काय, यावरील संसदेतील खडाजंगी वगळण्यात आली. अणुचाचण्या चालू राहिल्यास दुसरा गोजिरा उद्‌भवेल, असे बजावणाऱ्या पुराजीवशास्त्रज्ञाने मूळ चित्रपट संपतो. अमेरिकी आवृत्ती संकट टळल्याच्या समाधानावर संपते. ज्या देशाच्या चाचणीतून कथेची प्रेरणा मिळाली, त्याच देशात तिचा इशारा असा बोथट झाला.

मूल्यमापन : अमेरिकी आवृत्तीमुळे गोजिराची कीर्ती जगभर पसरली, हे नाकारता येत नाही, १९५७ मध्ये ती जपानमध्येही प्रदर्शित झाली. तथापि अनेक वर्षे पाश्चात्त्य प्रेक्षकांनी या कलाकृतीस मुलांची करमणूक मानले, याचे एक कारण त्यांना ती अखंड पाहावयास मिळाली नव्हती, हे होय. मूळ चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह अमेरिकेतील चित्रपटगृहांत सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी २००४ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी आला. त्यानंतर युद्धोत्तर जपानच्या शोकाचे चित्रण म्हणून त्याकडे तेथे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.