देवीच्या रोगाचा शेवटचा पाठलाग

माझ्या पिढीतील बहुतेकांच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर तो नाही. या एका फरकामागे केवढा इतिहास आहे!

हिंदुस्थानात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. पुढे १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. सर्वांना टोचावयाचे, एवढाच त्याचा मंत्र होता. टोचण्यांचे आकडे फुगले, पण रोग हटला नाही. (सरकारी आकड्यांची ही खोड आम्हा नोकरदारांस नवीन नाही.)

देवीचा रोग पुरळ दिसू लागल्यावरच प्रामुख्याने पसरतो, आणि मनुष्यावाचून त्याला दुसरा आसरा नाही. म्हणून १९७३ पासून रोगी शोधावा, त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचावे आणि साथीची वाट अडवावी, असे धोरण ठरले. कार्यकर्ते रोगी बालकाचे चित्र घेऊन दारोदार फिरले. रोग्याच्या दारात रात्रंदिवस पहारेकरी बसले. येणाऱ्याजाणाऱ्यास टोचल्यावाचून सोडीत नसत.

तरीही १९७४ च्या मे महिन्यात एकट्या बिहारात आठवड्याला आठ हजारांवर नवे रोगी आढळले. टाटानगरहून घरी परतणाऱ्या मजुरांबरोबर रोग आगगाडीने दूरदूर गेला. त्या वर्षी देशात १,८८,००३ रोगी व ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांचा धीर सुटला. पुन्हा सर्वांनाच टोचा, असे ते म्हणाले. तेव्हा बैठकीत मागे बसलेला एक तरुण बिहारी डॉक्टर उठला. आमच्या गावात आग लागली तर पाणी जळत्या घरावर ओततात, सगळ्या घरांवर नव्हे, असे त्याने सांगितले. मंत्र्यांनी आणखी एक महिन्याची मुदत दिली. मंत्र्यासमोर असे बोलणे सोपे नसते, हे मी अनुभवाने जाणतो. त्या डॉक्टरचे नावही मागे राहिले नाही.

टाटांच्या पोलाद कंपनीनेही छोटा नागपुरात आपली माणसे व जीपगाड्या कामास जुंपल्या. वर्षभरात चित्र पालटले. शेवटचा रोगी २४ मे १९७५ चा. आसामातील करीमगंज स्थानकावर भिक्षा मागणारी, बांगलादेशातून आलेली एक स्त्री. ती वाचली. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला.

रोगी कळविणाऱ्यास द्यावयाचे बक्षीस पन्नास रुपयांवरून वाढत वाढत हजारांवर गेले होते. आमच्या लहानपणी गावच्या भिंतींवर गेरूने रंगविलेली ती अक्षरे पुढे कित्येक वर्षे होती. ते हजार रुपये मात्र कोणासच मिळावयाचे राहिले नव्हते.