पोथीची शाई : काजळाची की हिराकसाची?

ताडपत्रामागून कागद आला आणि गुजरात-राजस्थानात कल्पसूत्राच्या सचित्र प्रती विपुल लिहिल्या गेल्या. अक्षरे काळ्या शाईची, चित्रांच्या रेषाही बहुधा तिच्याच. ही शाई कशाची करावी, यावर ग्रंथाचे आयुष्य अवलंबून असे. तिळाच्या तेलाच्या दिव्याचे काजळ, हिराबोळ व डिंक पाण्यात घालून तांब्याच्या पात्रात दीर्घकाळ घोटीत. काजळ म्हणजे कार्बन. ते उडत नाही, कागदास खात नाही. हिरडा व हिराकस यांची शाई करण्यास सोपी. परंतु हिराकसातून कालांतराने गंधकाम्ल निपजते, पान तांबूस पडते आणि अक्षरांच्या जागी जाळी उरते. (हिराकसाने काळे केलेले कापडही त्याच जागी आधी विरते, हे वस्त्रव्यवसायास ठाऊकच आहे.) ज्ञानभांडारांच्या उद्धारार्थ आयुष्य वेचणारे आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५-१९७१) यांनी लेखनकलेवरील आपल्या गुजराती ग्रंथात कागदासाठी काजळ-बोळ-डिंकाचीच शाई इष्ट मानली आहे. तिलाही एक खोड आहे. डिंक अधिक झाल्यास पावसाळी हवेत पाने एकमेकांस चिकटतात. त्यावर उपाय म्हणून पानांवर गुलाल भुरभुरीत आणि पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध ५, ज्ञानपंचमीस, पोथ्या बाहेर काढून झाडून-पुसून ठेवीत.